अनोळखी पत्राला थोडे थांबवावे काय?



या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची रेलचेल असते. त्या पंक्तीत माझा आजचा विषय कडेच्या पाटावर बसवलेल्या पोरासारखा दिसेल. अनोळखी ठिकाणाहून आलेले ई-मेल लगेच घ्यावे, की आणणाऱ्याला ‘थोड्या वेळाने पुन्हा या’ असे सांगून परत पाठवावे, एवढाच तो प्रश्न आहे. संगणकाच्या व्यवसायात या युक्तीला ग्रेलिस्टिंग म्हणतात. आपण तिला करडी यादी म्हणू. काळ्या यादीत नाव असलेल्याला दार बंद, पांढऱ्या यादीतल्याला दार उघडे, आणि ज्याच्याविषयी बरेवाईट काहीच ठाऊक नाही तो करड्या यादीत, असा त्या नावाचा अर्थ आहे.

विषय लहान असला तरी त्यात गुंतलेली गोष्ट लहान नाही. मुलाखतीचे बोलावणे, शिष्यवृत्तीचे उत्तर, रक्ततपासणीचा अहवाल, परदेशी गेलेल्या मुलाची खुशाली, हे सारे आज ई-मेलने येते. नको ते टपाल अडवण्याच्या भरात यांपैकी एखादे पत्र नाहीसे झाले, तर पाठवणारा म्हणतो, ‘मी पाठवले’, आणि घेणारा म्हणतो, ‘मला आलेच नाही’. दोघेही आपापल्या जागी खरे असतात आणि पत्र मात्र मधल्या मध्ये गडप झालेले असते. नको ते टपाल येणे हा त्रास आहे. हवे ते टपाल निमूटपणे नाहीसे होणे हे नुकसान आहे. हा फरक मनात ठेवून पुढचे विवेचन ऐकावे, अशी माझी विनंती आहे.

प्रथम ई-मेल कसे जाते ते पाहू. पुष्कळांची अशी समजूत असते की आपण कळ दाबली की पत्र तारेतून धावत सुटते आणि थेट दुसऱ्याच्या खोक्यात जाऊन पडते. तसे होत नाही. पाठवणाऱ्याच्या बाजूला एक सर्व्हर असतो आणि घेणाऱ्याच्या बाजूला दुसरा. या सर्व्हरला मी आज टपालघर म्हणणार आहे. ही दोन टपालघरे एकमेकांशी चक्क संभाषण करतात, आणि त्या संभाषणाचे नियम १९८२ च्या ऑगस्टमध्ये जोनाथन पोस्टेल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने लिहून काढले. त्या नियमांना एस.एम.टी.पी. असे नाव आहे. नंतर त्यांत दुरुस्त्या झाल्या, भर पडली, पण गाभा तोच राहिला. संभाषण साधारण असे चालते. एक टपालघर म्हणते, ‘नमस्कार, मी अमुक ठिकाणचे टपालघर.’ दुसरे म्हणते, ‘नमस्कार, बोला.’ ‘अमक्याकडून पत्र आहे.’ ‘बरे.’ ‘ते तमक्याला द्यावयाचे आहे.’ ‘बरे, आणा.’ एवढे झाले म्हणजेच पत्राचा मजकूर पुढे सरकतो. तोपर्यंत तो पाठवणाऱ्याच्या हातातच असतो.

येथे एक बारीक गोष्ट आहे. ‘अमक्याकडून’ आणि ‘तमक्याला’ ही जी नावे संभाषणात सांगितली जातात ती पाकिटावरची नावे. पत्राच्या आत पुन्हा ‘प्रेषक’ आणि ‘प्रति’ असे लिहिलेले असते, ते वेगळे. पाकिटावर एक आणि आत दुसरेच, असेही होऊ शकते. पोस्टमनला जसे आतल्या ‘तीर्थरूपां’शी कर्तव्य नसते, तसे टपालघरालाही नसते. आपल्या करड्या यादीचा सारा कारभार या पाकिटावरच चालतो.

घेणारे टपालघर प्रत्येक बोलण्याला तीन आकडी उत्तर देते, आणि त्यातला पहिला आकडा महत्त्वाचा. दोनने सुरू होणारे उत्तर म्हणजे ‘ठीक’. पाचने सुरू होणारे म्हणजे ‘नाही, आणि पुन्हा विचारू नका’. या दोहोंच्या मध्ये चारने सुरू होणारे उत्तर आहे: ‘आत्ता जमत नाही, नंतर या.’ आमच्या सरकारी कचेऱ्यांतून हे उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे. फरक इतकाच की तेथे ‘नंतर’ म्हणजे केव्हा ते कोणी सांगत नाही, आणि या नियमांत ते सांगितलेले आहे. १९८९ साली हे नियम अधिक स्पष्ट करण्यात आले. चारचे उत्तर मिळाल्यावर पाठवणाऱ्या टपालघराने पत्र टाकून द्यावयाचे नाही. आपल्या रांगेत जपून ठेवावयाचे, साधारण अर्ध्या तासाहून आधी फेरी मारावयाची नाही, आणि चार-पाच दिवसपर्यंत नाद सोडावयाचा नाही. एवढे करूनही काम झाले नाही, तर मूळ पत्रलेखकाला तसे कळवावयाचे. म्हणजे पत्राची जबाबदारी कोणाकडे आहे, हे क्षणभरही अधांतरी राहत नाही. ‘ठीक’ असे उत्तर येईपर्यंत ती पाठवणाऱ्याकडे. ते आल्यावर घेणाऱ्याकडे.

ही चारची सोय कशासाठी होती? त्या काळातली यंत्रे आजारी पडत, तारा तुटत, साठवणीची जागा भरून जाई. पलीकडचे यंत्र बंद आहे म्हणून पत्र मरू नये, या सौजन्यातून ती निघाली. चोरांना ओळखण्यासाठी तिचा उपयोग होईल, असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नसावे.

पण चोरांची चाहूल मात्र फार पूर्वीच लागली होती. याच पोस्टेलने १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये एक पानभर टिपण लिहिले होते आणि त्याचा मथळाच ‘रद्दी टपालाच्या प्रश्नाविषयी’ असा होता. नको असलेला निरोप नाकारण्याचे साधन घेणाऱ्या यंत्राजवळ नाही, आणि ते असायला हवे, हे त्याचे म्हणणे. जाळे तेव्हा इवलेसे होते. त्यातली माणसे बहुतेक विद्यापीठांतली, एकमेकांना नावाने ओळखणारी. तीनच वर्षांनी, ३ मे १९७८ रोजी, डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचा विक्रेता गॅरी थर्क याने आपल्या नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण सुमारे चारशे जणांना एकदम पाठवून दिले. नको असलेल्या जाहिराती टपालाचे हे पहिले उदाहरण म्हणून सांगितले जाते. त्यावर पुष्कळ गहजब झाला. आज चारशे पत्रांनी कोणाची झोपमोडही होणार नाही.

या रोगाचे मूळ पैशात आहे. आपल्याकडे जुन्या माणसांना नॉटपेड पत्र ठाऊक असेल; कोणी त्याला बैरंगी पत्र म्हणत. पाठवणाऱ्याने तिकीट लावले नाही तर घेणाऱ्याला दुप्पट दंड भरून ते सोडवावे लागे. विलायतेत तर १८४० पूर्वी बहुतेक पत्रांचे पैसे घेणाराच देत असे. रोलंड हिलने एका पेनीचे तिकीट काढून तो भार पाठवणाऱ्यावर टाकला, आणि टपालाची आधुनिक व्यवस्था तेथून सुरू झाली. ई-मेलने हे चाक उलटे फिरवले. एक पत्र पाठवणे आणि दहा लाख पाठवणे, यांत पाठवणाऱ्याच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. जागा अडते ती घेणाऱ्याची, वेळ जातो तो वाचणाऱ्याचा. सारे ई-मेल हे एका अर्थाने नॉटपेडच आहे, आणि तेही असे की आधी घरात येते आणि मग दंड वसूल करते. नॉटपेड पत्र निदान नाकारता तरी येत होते.

अशा स्थितीत पाठवणाऱ्यावर काही खर्च बसवावा, ही कल्पना शास्त्रज्ञांना सुचणे साहजिक होते. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ साली असे सुचवले की प्रत्येक पत्रामागे पाठवणाऱ्या यंत्राने एक लहानसे गणित सोडवून दाखवावे. एका पत्राला ते जड नाही. लाख पत्रांना जड आहे. कल्पना सुरेख, पण तिच्यासाठी जगातले प्रत्येक टपालघर बदलावे लागणार होते. ते काही झाले नाही.

त्याऐवजी दोन उपाय रूढ झाले. एक काळ्या यादीचा: पॉल विक्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या सुमारास उपद्रवी यंत्रांच्या पत्त्यांची यादी सर्वांना पाहता येईल अशी ठेवली. दुसरा मजकूर वाचण्याचा. पॉल ग्रॅहम यांनी २००२ च्या ऑगस्टमध्ये एक निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात शब्दांच्या वारंवारतेवरून पत्र कचऱ्याचे आहे की कामाचे, याची संभाव्यता काढण्याची रीत मांडली. ही रीत फार उपयोगी ठरली, यात संशय नाही. परंतु तिला एक खोड आहे. ती मजकुराची परीक्षा घेते, आणि परीक्षक चुकला तर पत्र रद्दीच्या खोक्यात जाऊन पडते. कर्जाविषयी बँकेला लिहिणारा कर्जदार, औषधांची नावे लिहिणारा डॉक्टर, वारशाविषयी विचारणारा दूरचा नातलग, हे सारे भामट्यांच्याच भाषेत बोलतात. कारण भामट्यांनी ती भाषा यांच्यापासूनच उचललेली असते. शिवाय हा निकाल बहुधा कोणालाच कळवला जात नाही. आपल्या न्यायव्यवस्थेतही आरोपीला निकाल ऐकवतात.

आता मुख्य विषयाकडे येतो. २००३ साली इव्हान हॅरिस या गृहस्थाने एक निबंध प्रसिद्ध केला आणि ‘करडी यादी’ हे नाव त्यातून रूढ झाले. युक्ती अशी. पत्र घेऊन कोणी आले की टपालघराने तीन गोष्टी टिपून घ्याव्यात: आणणाऱ्या यंत्राचा पत्ता, पाकिटावरचे पाठवणाऱ्याचे नाव, आणि पाकिटावरचे घेणाऱ्याचे नाव. हे त्रिकूट पूर्वी कधी पाहिलेले नसेल तर चारचे उत्तर द्यावे: ‘आत्ता जमत नाही, नंतर या.’ हॅरिसने ठरवलेला अवधी एक तासाचा होता. तासानंतर तेच त्रिकूट पुन्हा आले तर मुकाट्याने आत घ्यावे आणि नाव पांढऱ्या यादीत घालावे. पहिल्या भेटीपासून चार तासांत ते परतले नाही तर ती नोंद पुसून टाकावी. पांढऱ्या यादीतले नाव ३६ दिवस टिकते, आणि प्रत्येक नव्या पत्राबरोबर ही मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

३६ हा आकडा चमत्कारिक वाटतो, पण त्यामागे साधा हिशेब आहे. एखादी संस्था दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपले परिपत्रक पाठवत असेल, तर दोन परिपत्रकांत कधी २८ दिवसांचे अंतर पडते, कधी ३५ दिवसांचे. मुदत ३० दिवसांची ठेवली असती तर बिचारी संस्था अधूनमधून पुन्हा अनोळखी ठरली असती. मला हा आकडा आवडतो. तो ठरवणाऱ्याने कॅलेंडर समोर धरून विचार केलेला आहे.

पण हे चालते का? खरे टपालघर नियमाप्रमाणे रांग ठेवते आणि परत येते. रद्दी पाठवणाऱ्याचे तसे नव्हते. त्या सुमारास ही माणसे लोकांच्या घरातले संगणक विषाणूने ताब्यात घेऊन त्यांच्यामार्फत टपाल उधळू लागली होती. २००३ सालचा ‘सोबिग’ हा त्यातला एक नामांकित विषाणू. अशा यंत्रात बसवलेला लहानसा प्रोग्रॅम मूठभर दाणे फेकावेत तशी पत्रे फेकत सुटे. कोणते दाणे रुजले आणि कोणते खडकावर पडले, हे पाहायला तो थांबत नसे. रांग ठेवायची म्हणजे नाकारलेली लाखो पत्रे आठवणीत ठेवायची, प्रत्येकाची वेळ सांभाळायची; आणि त्या अवधीत नवी लाखभर पत्रे फेकता येतात. त्याच्या धंद्याच्या हिशेबात परत येणे हा शुद्ध तोटा होता. म्हणून तो परत येत नसे.

ड्वर्क आणि नाओर यांना जे गणिताने साधावयाचे होते ते येथे नुसत्या ‘नंतर या’ने साधले, आणि कोणाचेही टपालघर बदलावे लागले नाही. नियम १९८२ चाच. हॅरिसने केले एवढेच की यंत्राच्या आजारपणासाठी ठेवलेली सोय धडधाकट यंत्राला वापरायला शिकवली. याला कोणी खोटे बोलणे म्हणेल. ‘आत्ता जमत नाही’ असे म्हणताना टपालघराला खरोखर काहीच झालेले नसते. ‘आई घरात नाही’ असे आतूनच ओरडून सांगणाऱ्या मुलासारखे हे आहे, अशी टीका मी ऐकली आहे. टीका गमतीची आहे, पण नियमात कारण सांगण्याचे बंधन नाही. आणि उत्तराच्या तीन आकड्यांपुढे चार शब्द लिहिण्याची मुभा असते, तेथे ‘आपण नवे आहात, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ असे खरे कारण लिहिता येते. ते लिहावे, असे माझे मत आहे.

‘ठीक आहे,’ आपण म्हणाल, ‘पण भामटे शिकणार नाहीत का? एक दिवस तेही परत येऊ लागतील.’ आक्षेप रास्त आहे, आणि पुढे तसे झालेही. पण या ठिकाणी विलंबाचा दुसरा उपयोग सुरू होतो, आणि माझ्या मते तोच अधिक टिकाऊ आहे.

एखादे नवे यंत्र रद्दी पाठवू लागते तेव्हा पहिल्या मिनिटाला जगात कोणालाच ते ठाऊक नसते. कोणत्याही काळ्या यादीत त्याचा पत्ता नसतो, आणि त्या मजकुराचा नमुना कोणीही ‘हा कचरा’ म्हणून नोंदवलेला नसतो. तासाभरात चित्र पालटते. ठिकठिकाणाहून तक्रारी येतात, याद्या भरतात. विपुल वेद प्रकाश या भारतीय संगणकतज्ज्ञाने ‘रेझर’ नावाची एक व्यवस्था निर्माण केली होती; तिच्यात अनेकजण आपल्याला आलेल्या रद्दीचा जणू अंगठ्याचा ठसा एका सामायिक दप्तरात जमा करीत, आणि इतर टपालघरे नव्या पत्राचा ठसा त्याच्याशी ताडून पाहत. अशा दप्तराचा सारा उपयोग वेळेवर अवलंबून असतो. पहिल्या मिनिटाला आलेले पत्र या गाळणीतून सुटते. तेच साठाव्या मिनिटाला आले तर अडकते. गाळणी तीच, पत्र तेच. म्हणजे भामटा परत आला तरी विलंब फुकट गेलेला नसतो. मधल्या तासात त्याची कीर्ती त्याच्या पुढे पोहोचलेली असते. गावात नवा कोणी उतरला की त्याच्या हाती भांडी विकायला देण्यापूर्वी शेजारच्या गावात चौकशी करण्याइतका अवधी घ्यावा, तसे हे आहे.

येथे एक पेच निर्माण होतो आणि तो मला फार विचार करण्याजोगा वाटतो. सगळेच थांबले, तर चौकशी कोणाकडे करावयाची? प्रत्येक टपालघराने तासभर दार लावून घेतले, तर तासाअखेर कोणालाच काही कळलेले नसेल. कोणीतरी आधी ते पत्र घेतले पाहिजे, उघडले पाहिजे आणि इतरांना सांगितले पाहिजे. थांबणारा हा न थांबणाऱ्याच्या अनुभवावर जगतो. यावर उपाय म्हणून आमिषाचे पत्ते ठेवतात. हे पत्ते कोणाही माणसाचे नसतात, कोठे दिलेले नसतात. जाळ्याच्या एखाद्या कोपऱ्यात ते अशा रीतीने टाकलेले असतात की पत्ते वेचत हिंडणाऱ्या यंत्रालाच ते सापडावेत. तेथे टपाल आले की पाठवणारा कोण, हे आपोआप ठरते. ओपन-बी.एस.डी. या संगणकप्रणालीत २००४ साली करडी यादी आली, आणि तिच्याबरोबरच्या ‘स्पॅम-डी’ या प्रोग्रॅमात अशा आमिषांची सोय आहे. आमिषाला तोंड लावणारा चोवीस तास काळ्या यादीत. एवढेच नव्हे, तर काळ्या यादीतल्या यंत्राशी हा प्रोग्रॅम सेकंदाला एक अक्षर या गतीने बोलतो. ‘न’, मग ‘म’, मग ‘स्का’... पलीकडचा भामटा ताटकळत ऐकत बसतो. त्या प्रोग्रॅमकर्त्याला विनोदबुद्धी होती, असे म्हटले पाहिजे.

इथवर मी गुण गायिले. आता ज्यांना याचा काच होतो त्यांच्याकडे वळू.

पहिला काच सर्वांच्या अनुभवाचा आहे. कोठे नवे खाते उघडताना सहा आकडी संकेत ई-मेलने येतो आणि त्याचे आयुष्य दहा मिनिटांचे असते. त्याला तासभर उंबऱ्यावर बसवले तर तो आत येईपर्यंत मेलेला असतो. माणूस पुन्हा मागतो, नवा संकेतही रखडतो, आणि शेवटी दोन-तीन संकेत एकदम येऊन पडतात, त्यांतला कोणता खरा हे देवास ठाऊक. ई-मेल हे तत्काळ निरोपाचे साधन म्हणून निर्माण झालेले नव्हते, हे तात्त्विकदृष्ट्या खरे आहे; पण रात्री अकरा वाजता परीक्षेचा अर्ज भरत बसलेल्या मुलीला ते ऐकवण्यात अर्थ नाही. म्हणूनच पुष्कळांनी तासाचा अवधी कमी केला. ‘पोस्टग्रे’ हा या कामाचा एक प्रसिद्ध प्रोग्रॅम पाचच मिनिटे थांबवतो. अर्थात पाच मिनिटांची सूचना करूनही पाठवणारा अर्ध्या तासाने परतला, तर विलंब अर्ध्या तासाचाच होतो. घड्याळ त्याच्या हातात आहे.

दुसरा काच मोठ्या टपालघरांचा. त्यांच्याकडे एक यंत्र नसते, शेकडो असतात. पहिल्या खेपेला एक यंत्र पत्र घेऊन येते, दुसऱ्या खेपेला दुसरेच. दारावरचा म्हणतो, ‘आपण नवे दिसता, नंतर या.’ तिसऱ्या खेपेला तिसरे. असे पत्र दिवसभर हेलपाटे घालू शकते. यावर तोडगा असा निघाला की चार आकड्यांच्या यंत्रपत्त्यातले पहिले तीन जुळले तर तो एकाच घरचा समजावा. तेवढ्यानेही भागेना, तेव्हा मोठमोठ्या टपालघरांची नावे आधीच सवलतीच्या यादीत घालण्याची पद्धत पडली. पोस्टग्रेबरोबर अशी तयार यादीच मिळते.

ही सवलत मला खटकते. करड्या यादीतला मला सर्वांत भावलेला गुण हा की ती माणसाची जात, भाषा, पत्राचा मजकूर, काही म्हणजे काही विचारत नाही. मजकूर तर तिच्या हाती पडण्यापूर्वीच ती उत्तर देऊन मोकळी होते. तिचा प्रश्न एकच: परत येतोस का? राजाला आणि रंकाला तीच पाच मिनिटे. पण मोठ्यांची नावे सवलतीत गेली की उंबऱ्यावर बसायचे उरते ते कोणी? एखादे लहान महाविद्यालय, तालुक्याची सहकारी संस्था, स्वतःचे टपालघर हौसेने चालवणारा एखादा अभ्यासक. आणि रद्दी पाठवणाऱ्याने मोठ्या टपालघरात खाते उघडले किंवा कोणाचे चोरले, तर तो त्या घराच्या पुण्याईवर आत जातो. ही सोय टाळता येत नाही, हे मला मान्य आहे. तिला न्याय म्हणू नये, एवढेच.

तिसरा काच ज्यांचे टपालघरच नीट बांधलेले नाही अशांचा. काही संस्था आपल्या संकेतस्थळावरून पावत्या, प्रवेशपत्रे पाठवतात ती रांग न ठेवणाऱ्या एखाद्या घाईघाईने लिहिलेल्या प्रोग्रॅममधून. चार आणि पाच यांतला भेद त्याला ठाऊक नसतो. ‘नंतर या’ ऐकले की तो पत्र टाकून देतो. दोष निःसंशय पाठवणाऱ्याचा, पण प्रवेशपत्र मुकते ते विद्यार्थ्याला. येथे नियमावर बोट ठेवून हात झटकणे मला पटत नाही. असा पाठवणारा आढळला की त्याला हातानेच पांढऱ्या यादीत घालावे आणि त्याच्या चालकाला कळवावे. हे कंटाळवाणे काम आहे, आणि टपालघर चालवणे म्हणजे बऱ्याच अंशी हेच काम आहे.

एक काच तर आपल्याच घरातला असतो. मुख्य टपालघर बंद पडले तर अडचण नको म्हणून पुष्कळ संस्था एक राखीव टपालघर ठेवतात. पुढच्या दारावर करडी यादी आणि या मागच्या दारावर काहीच नाही, असे असले तर सारा खटाटोप व्यर्थ. रद्दीवाले मागच्या दाराने येणे मुद्दाम पसंत करतात, कारण तेथे पहारा ढिला असतो, हे त्यांना आपल्याआधी ठाऊक असते.

आजची स्थिती काय? २००४ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी दाव्होसला सांगितले होते की दोन वर्षांत या रद्दीचा प्रश्न सुटलेला असेल. त्याला दोन तपे होत आली. प्रश्न जागच्या जागी आहे, त्याचे कपडे बदलले आहेत. पाकिटावरचा पत्ता खरा आहे की नाही हे ताडण्याची आणि पत्रावर यांत्रिक सही करण्याची पद्धत २००६-०७ च्या सुमारास नियमबद्ध झाली. जगातले बरेचसे टपाल आता थोड्याच मोठ्या घरांतून वाहते. रद्दीचा मोठा भाग खऱ्याच, रांग ठेवणाऱ्या टपालघरांतून येतो, म्हणून ‘भामटा परत येत नाही’ हा करड्या यादीचा पहिला आधार पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. २०१२ साली इंटरनेटच्या नियमपुस्तिकांत तिला स्वतंत्र स्थान मिळाले, तेव्हाच तिच्या मर्यादाही नोंदल्या गेल्या.

पण दुसरा आधार, म्हणजे मधल्या वेळात माहिती गोळा होण्याचा, तो नव्या रूपात दिसतो. २०१७ च्या मे महिन्यात जीमेलने जाहीर केले की संशयास्पद वाटणारी अगदी थोडी पत्रे, सरासरी ०.०५ टक्क्यांहूनही कमी, अधिक तपासणीसाठी मुद्दाम थोडी उशिरा पोहोचवली जातील. ‘रस्पॅम-डी’ या आजच्या गाळणीतही सरसकट सर्वांना न थांबवता ज्याच्याविषयी मध्यम संशय आहे त्यालाच थांबवतात. निर्दोष दिसणारा सरळ आत, उघड भामटा सरळ बाहेर. यामुळे लोकांना होणारा खोळंबा पुष्कळ कमी झाला. किंमत मात्र पडली आहे. संशय ठरवण्यासाठी पत्र आधी वाचावे लागते. म्हणजे मजकूर न पाहण्याचा जो जुना गुण मी मघाशी वाखाणला, तो गेला. दोन्ही एकदम मिळणार नाहीत. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत गूगलने घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांवर सहीचे नियम सक्तीचे केले, तेव्हा नियम न पाळणाऱ्यांच्या थोड्या पत्रांना प्रथम चारचेच उत्तर दिले आणि एप्रिलपासून पाचचे द्यायला सुरुवात केली. इशारा द्यावयाचा तर अजूनही पोस्टेलच्या १९८२ च्या आकड्यानेच द्यावा लागतो.

आपल्यापैकी जे कोणी एखाद्या शाळेचे, ग्रंथालयाचे, पतपेढीचे टपालघर सांभाळत असतील, ते मला विचारतील की मग आम्ही काय करावे. मी म्हणेन, आधी महिनाभर कोणालाही न थांबवता नुसती नोंद ठेवा. कोण अनोळखी येतो, त्याला थांबवले असते तर कोणाचे अडले असते, हे त्यातून दिसेल. त्या महिन्यात जे नियमित येणारे आढळतील त्यांची नावे पांढऱ्या यादीत घाला, म्हणजे पहिल्याच दिवशी ओरड होणार नाही. मग पाच मिनिटांपासून सुरुवात करा. मागच्या दारालाही तेच कुलूप लावा. परीक्षा, प्रवेश, निवड असले हंगाम असतील त्या दिवसांत ही व्यवस्था बंद ठेवायला कचरू नका. चार रद्दीपत्रे जास्त आली तर कोणाचे वर्ष वाया जात नाही.

आणि ‘पोस्टमास्टर’ या नावाचा पत्ता, जो प्रत्येक टपालघराने ठेवलाच पाहिजे असा नियम आहे, त्याला या व्यवस्थेतून पूर्णपणे वगळा. ज्याचे पत्र तुमच्या दाराशी अडकले आहे त्याला तक्रार करायला तेवढीच एक खिडकी असते. ती सदैव उघडी असावी, आणि तिथे आलेले टपाल रोज कोणीतरी माणसाने वाचावे.